इथं पुनम नावाचं कुनी न्हाई

साखऱ्यात, सासरच्या गावी, तिला सगळे मिरा म्हणत. सासू मिरा म्हणे, नवरा मिरा म्हणे, शेजारची भागूबाई मिरे म्हणे. आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर आणि तेरा वर्षांपूर्वीच्या एका प्रमाणपत्रावर मात्र ती पुनम होती. लग्नात ताटात तांदूळ पसरून वैजनाथनं अंगठीच्या टोकानं बायकोचं नवं नाव लिहायला घेतलं, तेव्हा गडबडीत त्यानं पुनमच लिहिलं होतं. बायका हसल्या. त्याची आई पार्वतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढं वाकून तळहातानं तांदूळ सपाट केले आणि म्हणाल्या, "सांगितलंय ते लिव्ह." त्याच वर्षी त्यांच्या भावकीतली एक पुनम ट्रकवाल्यासोबत निघून गेली होती. ते नाव आपल्या उंबऱ्याच्या आत नको, एवढंच त्यांचं म्हणणं. नव्या सुनेला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

ती सिद्धेश्वरची. बाप सटवाजी तिथल्या धरणावर चौकीदार होता. हिंगोलीच्या कॉलेजात ती एनसीसीत होती, आणि एनसीसीतूनच एकदा उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या शिक्षणाला गेली. अठ्ठावीस दिवस. दोरावर चढणं, बर्फात कुऱ्हाड रोवणं, पाठीवर सामान घेऊन पंधरा हजार फुटांपर्यंत जाणं. परत आली ती 'अ' श्रेणीचं प्रमाणपत्र घेऊन आणि नाकाची सालटं काढून. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. प्रमाणपत्र पेटीत साड्यांच्या तळाशी गेलं. बारा वर्षांत ते बाहेर निघालं दोनदा. एकदा झुरळं झाली म्हणून, आणि दुसऱ्यांदा ह्या फेब्रुवारीत.

फेब्रुवारीत एनसीसीच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक निरोप आला. पुण्याची एक संस्था जूनमध्ये हिमाचलातल्या वीस हजार फुटी शिखरावर बायकांची मोहीम नेणार होती. बरोबर वाटाडे, शिकवणारे, डॉक्टर. मराठवाड्यातल्या बायकांसाठी दोन जागा, खर्च सगळा संस्थेचा. वयाची अट पस्तीस. तिला तेहतीस चालू होतं.

तिनं अर्ज मोबाईलवर भरला, हळद शिजवायच्या दिवसांत, रानातल्या बॉयलरच्या आवाजात, लिंबाखाली बसून. यापूर्वी गाठलेली सर्वाधिक उंची. लिहिली. सध्याचा व्यायाम. इथं ती जरा थांबली आणि मग लिहिलं, 'रोज सोळा किलो वजन घेऊन आठ किलोमीटर चालते.' खोटं नको म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली. खताच्या रिकाम्या पोत्यात वाळकी हळद भरायची, पाठीला बांधायची, रानात जायचं आणि तीच हळद परत घरी आणायची. पहिल्या आठवड्यात गावाला वाटलं, वैजनाथच्या घरी काहीतरी वाटणी चालू आहे. मग कळलं.

"घरात एक गाढव पायजेच होतं," पार्वतीबाई ओट्यावर बसून भागूबाईला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आयतंच झालं."

"पर कुटं जायचंय म्हणती?"

"डोंगरावर."

"औंढ्याच्या?"

"औंढ्याचा असता तर मीच पोचवून आले असते, नागनाथाच्या पायापाशी. बर्फाच्या डोंगरावर. इस हजार फूट."

भागूबाईनं वैजनाथला विचारलं, वीस हजार फूट म्हणजे किती. गावातली पाण्याची टाकी पन्नास फुटांची आहे, तशा चारशे टाक्या एकावर एक, असं त्यानं सांगितलं. भागूबाईनं टाकीकडं बघितलं आणि मग बराच वेळ मिराकडं बघितलं, जसं एखाद्या आजारी माणसाकडं बघावं तसं.

अर्जातल्या एका रकान्यात तिनं चूक केली. 'एकाच घरात राहणाऱ्या नातेवाईकाचा संपर्क क्रमांक.' वैजनाथचा फोन रानात बहुतेक बंद असायचा, म्हणून तिनं घरात कायम असणारा नंबर दिला. सासूचा.

एका गुरुवारी पुण्याहून त्या नंबरावर फोन आला. पार्वतीबाईंना फोनमधलं हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच कळायचं, आणि त्या बोलायच्या स्पीकर लावून, गल्लीला ऐकू जाईल असं. मिरा म्हशीची धार काढत होती. तिला फोन वाजलेला ऐकू आला, बोलणं ऐकू आलं नाही. संध्याकाळी तिच्या स्वतःच्या मोबाईलवर संस्थेचा संदेश आला. आपण दिलेल्या क्रमांकावर पुनम नावाची व्यक्ती राहत नसल्याचे सांगण्यात आले, सबब आपला अर्ज थांबवण्यात येत आहे.

ती संदेश घेऊन चुलीपाशी गेली.

"आत्या, पुण्याहून फोन आला होता?"

"आला होता."

"काय म्हणले?"

"पुनम हाये का म्हणले. मी म्हणलं, इथं पुनम नावाचं कुनी न्हाई." पार्वतीबाईंनी भाकरी उलटली. "खोटं बोलले का? हाये का कुनी?"

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला फोन केला. पलीकडची मॅडम चांगली होती, पण नियमातली होती. दोन वर्षांपूर्वी एक बाई घरी न सांगता आली आणि तिचे चार भाऊ पायथ्याच्या तंबूपर्यंत भांडत आले होते. तेव्हापासून संस्था घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय कुणाचा अर्ज पुढं पाठवत नाही. माहेरचं माणूस चालत नाही. नवरा चालेल. नाहीतर तोच नंबर. "सोमवारी अकरा वाजता मी शेवटचा फोन करीन," मॅडम म्हणाली. "मंगळवारी यादी बंद होते."

वैजनाथ बॉयलरपाशी होता. अंगाला, भुवयांना हळद लागलेली, लग्नात लागते तशी.

"तुमचा नंबर देऊ का?"

"मिरा, तुमच्या दोघींच्या मधात मला घालू नको."

"दोन शब्द बोलायचेत. आमची हरकत न्हाई, एवढंच."

"आईनं न्हाई म्हणल्यावर मी व्हय म्हणू? मग घरात कोण ऱ्हाईल, मी का ती?" त्यानं जाळात लाकूड सारलं. "आन समज, तिकडं काही झालं. लोक मला काय म्हणतील? बायको बर्फात घालून आला."

"तुमाला लोकांचं पडलंय."

"मला जेवणाचं बी पडलंय. तू म्हयनाभर न्हाई म्हणल्यावर कोण करणार?"

निदान ते तरी खरं होतं. ती परत आली. त्या दिवशी तिनं पाठीवर पोतं घेतलं नव्हतं, तरी चार किलोमीटर संपता संपेनात.

घरी पार्वतीबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. "मिरा, पाणी दे गं."

ती त्यांच्यासमोरून आत गेली. तिनं दळणाचा डबा उघडला, गहू निवडायला घेतले.

"मिरा. पाणी म्हणलं. कानात बोळे घातलेत का?"

"इथं मिरा नावाचं कुनी न्हाई," ती आतून म्हणाली. सासू बोलली होती त्याच सुरात.

पार्वतीबाईंना वाटलं, रात्रीपर्यंत उतरेल. उतरलं नाही. शनिवारी उतरलं नाही, रविवारी नाही. घरातलं काम ती सगळं करत होती. झाडलोट, स्वैपाक, धार, आठ वर्षांच्या प्रतिक्षाची वेणी, सासूची साखरेची गोळी ताटाशेजारी ठेवणं. एकही काम अडलं नाही. फक्त सांगितलेलं एकही काम झालं नाही. मिरा म्हणून हाक आली की ती भिंतीसारखी. पार्वतीबाईंनी नावाशिवाय भागवून बघितलं. "ए" म्हणून बघितलं, "अगं" म्हणून बघितलं, "प्रतिक्षाची माय" म्हणूनही बघितलं. म्हैस वळून बघायची, सून बघायची नाही.

पंचवीस वर्षं सासूच्या हाताखाली काढून पार्वतीबाईंना जे मिळालं होतं ते हेच. ओट्यावर बसायचं आणि हाक मारायची. हाक मारली की कुणीतरी उठलं पाहिजे. तेच काढून घेतलं तर सासू म्हणजे घरातली आणखी एक म्हातारी. शनिवारी दुपारी त्या स्वतः उठून माठापाशी गेल्या, पाणी प्यायल्या आणि पेला असा आदळला की त्याला पोचा आला. तो पोचा आलेला पेला सून रोज घासून त्यांच्याच ताटापाशी ठेवायला लागली.

"आज्जी, तू तिला पुनम म्हण की," प्रतिक्षा म्हणाली.

"तुला कोणी शिकवलं हे?"

"कुनी न्हाई. तिच्या आधार कार्डावर हाये."

"आधार कार्डाला भाकरी वाढायला लाव मग."

वैजनाथ शुक्रवारपासून डबा घेऊन रानातच झोपायला लागला. बॉयलर सोडून येता येत नाही म्हणाला. दरवर्षी सोडून येत होता.

कुरडयांचा गहू ह्या भांडणाआधीच भिजत पडला होता. सोमवारी चीक शिजवावाच लागणार होता, नाहीतर आंबून वास मारला असता. दरवर्षी सून चीक हाटायची आणि पातेलं वर चढवायची, सासू गच्चीवर बसून सोऱ्यातून कुरडया पाडायची. ह्या वर्षी "कुरडया घाल" असं सांगायला नाव नव्हतं. पार्वतीबाईंनी पहाटे भागूबाईला बोलावलं. सुनेनं न सांगता चूल पेटवून दिली, मीठ-पापडखार काढून ठेवला आणि बाजूला झाली. दोघी म्हाताऱ्यांनी चीक हाटला. तिच्या दुप्पट वेळ लागला, गुठळ्या राहिल्या.

घराला जिना नव्हता. वर जायला शिडी, तीही भागूबाईची, लोखंडी. पार्वतीबाईंनी खाली चपला काढल्या, कुरडयांच्या जागी चपला घालून कसं जायचं, आणि वर चढल्या. फोन त्यांनी कमरेला खोचला होता. सोमवार, अकरा वाजता, हे त्यांना प्रतिक्षाकडून बरोबर कळलेलं होतं. फोन खाली ठेवून जाण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

साडेदहाला भागूबाई खाली उतरली. तिच्याकडं लेकीच्या सासरची माणसं येणार होती. घरी गेली, आणि थोड्या वेळानं तिची सून जमना आली. आमच्या टाकीत पाणी किती आहे बघायचंय, म्हणत तिनं शिडी उचलली.

"नेऊ ना ओ, जाऊबाई? वर न्हाई ना कुनी?"

पार्वतीबाईंची सून धान्याला ऊन देत अंगणात बसली होती. गच्चीवरून सोऱ्या फिरवल्याची करकर येत होती. कुणी ऐकायचं म्हटलं तर ऐकू येत होती.

"ने," ती म्हणाली.

जमना शिडी घेऊन गेली. सुनेला स्वतःलाच मग बसवेना. तिनं तांदळाचं सूप हातात घेतलं, खाली ठेवलं. शिडीखालच्या सासूच्या चपला तेवढ्या भिंतीशी राहिल्या होत्या, एक सरळ, एक उलटी. जाऊन शिडी परत आण, असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तिनं मोबाईलमध्ये किती वाजले ते बघितलं.

मार्च संपत आला होता. अकराला गच्चीचा स्लॅब तापलेला असतो. पार्वतीबाईंचा चीक संपला, त्यांनी कुरडयांवर दुसरं लुगडं ओढलं आणि उतरायला म्हणून कडेला आल्या. खाली शिडी नव्हती. खाली अंगण होतं, अंगणात सून होती.

"शिडी कुटंय?"

सून तांदूळ पाखडत राहिली.

"मिरा, शिडी कुटं गेली?"

पार्वतीबाईंनी एक पाय उचलला, मग दुसरा उचलला. मागं सरून त्या कुरडयांखालच्या लुगड्याच्या ओल्या काठावर उभ्या राहिल्या. पायाखाली चार-पाच कुरडया गेल्या. त्यांनी खाली बघितलं, आपण काय तुडवतोय ते बघितलं, आणि परत स्लॅबवर आल्या. भागूबाईच्या नावानं दोन हाका मारल्या. भागूबाईच्या घरी पाहुणे आले होते, तिकडून हसण्याचा आवाज येत होता. परत लुगड्यावर गेल्या.

तेवढ्यात त्यांच्या कमरेला फोन वाजला.

त्यांनी तो काढला, बघितला. लाल बटण दाबलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण लाल बटण दाबून शिडी येणार नव्हती, आणि वैजनाथचा असला तर त्याला तरी सांगता आलं असतं. त्यांनी हिरवं दाबलं.

"नमस्कार, मी पुण्याहून बोलतेय," फोन अंगणापर्यंत ऐकू आला. "गुरुवारी आपलं बोलणं झालं होतं. पुनमताई तिथं राहतात का, एवढंच विचारायचं होतं."

"थांबा जरा. मिरा, शिडी आण म्हणते ना मी. पाय भाजायलेत माझे."

तिनं सूप बाजूला ठेवलं. उभी राहिली. वर बघितलं.

"मिरा कोण?" फोननं विचारलं.

"माझी सून."

"आणि पुनम?"

पार्वतीबाई लुगड्यावरून स्लॅबवर आल्या, स्लॅबवरून लुगड्यावर गेल्या. आणखी कुरडया गेल्या. एक म्हणता दोन शेर गव्हाच्या कुरडया होत्या त्या, तीन दिवस भिजवलेल्या. त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला, झाकायचा म्हणून त्यावर पदर टाकला आणि बारीक आवाजात, दात आवळून म्हणाल्या, "पुनम. शिडी आण."

"आणते, आत्या," ती खालून म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा. चांगल्या मोठ्या आवाजात.

पदरातून मॅडम म्हणाली, "आत्ता ओ दिली त्याच का पुनमताई?"

"ऐकू आलं न्हवं तुमाला? मग इचारता कशाला?"

"बरं. त्या मोहिमेवर आल्या तर घरच्यांची काही हरकत नाही ना? हे बोलणं रेकॉर्ड होतंय, म्हणून विचारते."

सून फाटकापर्यंत गेली होती. फाटकाची कडी तिच्या हातात होती. तिनं कडी काढली नाही, ती तिथंच थांबली, पाठ गच्चीकडं करून. पार्वतीबाईंनी ती थांबलेली बघितली. त्यांना सगळं कळत होतं. त्या घरात न कळणारं कुणी नव्हतंच.

"माझी काय हरकत," पार्वतीबाई म्हणाल्या. "घेऊन जा. चढायचं तिला लई येतंय. दुसऱ्याला खाली उतरू द्यायचं तेवढं शिकवा."

"म्हणजे हरकत नाही, असं लिहू?"

"लिव्हा काय लिव्हायचं ते."

कडी वाजली.

शिडी आली. तिनं ती भिंतीला लावली, पायानं दाबून धरली. पार्वतीबाई पाठमोऱ्या उतरायला लागल्या. मधल्या पायरीवर थांबून, मान न वळवता म्हणाल्या, "जमनानं शिडी नेली तवा तू हितंच होतीस."

"व्हय."

"बोलली न्हाईस."

"मला कुनी हाक मारली न्हाई."

त्या उतरल्या. तळपाय लाल झाले होते, डाव्या अंगठ्यापाशी फोड येऊ घातला होता. तिनं बादलीत पाणी आणून पुढं ठेवलं. पार्वतीबाई बाजेवर बसल्या, बादलीकडं बराच वेळ बघितलं नाही, आणि मग कुणाचे तरी दुसऱ्याचे पाय असल्यासारखे ते पाण्यात सोडले.

"वैजनाथला सांगीन मी," त्या म्हणाल्या. "सासूला उन्हात तळली म्हणून."

"सांगा. मी बी सांगीन."

"तू काय सांगणार?"

"तुमी मला काय म्हणून हाक मारली ते."

त्या संध्याकाळी वैजनाथ डबा न्यायला आला, त्याला पार्वतीबाईंनी शिडीबद्दल एक शब्द सांगितला नाही. फोडाचं विचारलं तर म्हणाल्या, चीक सांडला.

मंगळवारी दुपारी त्यांच्याच फोनवर संदेश आला. टुंग वाजलं तशी त्यांनी फोन लांब धरून बघितला. अक्षरं दिसली, वाचता आली नाहीत. प्रतिक्षा शाळेत होती. त्यांनी फोन सुनेच्या पुढ्यात, पिठाच्या परातीशेजारी, सरकवला.

"वाच."

तिनं हात पुसले. "पुनम वैजनाथ यांचा अर्ज स्वीकारण्यात आला आहे. निवड चाचणीसाठी दहा एप्रिलला पुण्यात हजर राहावे."

"म्हंजे अजून घेतलं न्हाई."

"न्हाई. परीक्षा हाये."

"मग नापास होशील," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि हा विचार त्यांना इतका आवडला की त्यांनी फोन कमरेला खोचून दुपारचा चहा स्वतःच ठेवला. एकच कप.

कुरडया सोमवारी संध्याकाळी उतरवून आत आणायच्या होत्या. ते कुणी कुणाला सांगितलं नाही. पार्वतीबाई फोडाच्या पायानं चढणार नव्हत्या, आणि सुनेला हाक मारायची तर कोणत्या नावानं, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. सून वाट बघत राहिली. सोमवारी रात्री कुरडया वरच राहिल्या, मंगळवारी दिवसभर वरच राहिल्या. बुधवारी सकाळी ती पाठीला पोतं बांधून निघाली, तेव्हा अंगणात, ओट्यावर, म्हशीच्या पाठीवर कुरडयांचे तुकडे पडलेले होते आणि गच्चीच्या कडेला कावळे बसलेले होते.

ह्या कुरडयांवरून त्या घरात पुढं दिवाळीपर्यंत बोललं गेलं. कुणी तुडवल्या, कुणी आणल्या नाहीत, कुणामुळं वाया गेल्या. अर्जाबद्दल कुणी काही बोललं नाही.